'जेंटलमन जॅक' ही मालिका कितपत खरी आहे? १८३२ साली जमीनदार बाई दुसऱ्या बाईशी संसार थाटते, हे पटतं का?

खरी आहे. पटवून घ्या.

'त्या काळी असलं काही नव्हतं' हे वाक्य मी जन्मभर आमच्या थोरल्या काकांकडून ऐकत आले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

अ‍ॅन लिस्टर ही या मालिकेची नायिका, इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉलची मालकीण. चुलत्यांच्या पश्चात १८२६ साली कारभार तिच्या हाती आला. कुळं, खंड, कोळशाच्या खाणी, सगळं स्वतः बघायची. आणि रोजनिशी लिहायची, सुमारे पन्नास लाख शब्द! त्यातला सहावा हिस्सा तिने स्वतः बनवलेल्या लिपीत: ग्रीक अक्षरं, बीजगणिताची चिन्हं, दोन शब्दांत जागा नाही.

ती लिपी १८९० च्या दशकात सुटली. घराण्यातला जॉन लिस्टर आणि त्याचा शिक्षक मित्र आर्थर बरेल जुने कागद चाळत बसले होते. एका चिठोऱ्यावर अर्धंच वाक्य होतं, 'देव हीच माझी...' आणि पुढचा शब्द चिन्हांत. दोन अक्षरं अंदाजाने बसली होती, त्यावरून 'होप' निघाला, म्हणजे आशा. रात्री दोनपर्यंत बाकीची चिन्हंही सुटली. मग वाचलं, तर बायकांवरचं प्रेम, तेही तपशिलासकट. बरेल म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळलं नाही, भिंतीच्या लाकडी तक्त्यांमागे दडवून ठेवलं. तेवढ्यावर ही मालिका उभी आहे.

आमच्याकडे जॉन नव्हता, नुसतेच बरेल.

माझ्या आजोबांची बहीण बालविधवा होऊन माहेरी आली आणि वाईजवळची आमची हळदीची शेती तिने चाळीस वर्षं सांभाळली. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या खोलीत गावातल्या शाळेच्या बाई राहायच्या. भाडेकरू, असं सांगितलं जायचं. भाडं घेतल्याचं मात्र कोणाला आठवत नाही. आक्का रोज रात्री मोडीत वही लिहायची. ती गेल्यावर लाल फडक्यात बांधलेला वह्यांचा गठ्ठा माळ्यावर पडून होता. धाकट्या भावाच्या मुंजीला पाहुणे जमले, अंघोळीचं पाणी तापेना, तेव्हा काकांनी तो खाली काढला आणि बंबात घातला. 'मोडी कोण वाचणार? हिशेबच असणार.' मी नऊ वर्षांची. पानं फाडून त्यांच्या हातात देत होते ती मीच. कागद जाड होता, आधी कडेने तपकिरी व्हायचा, मग एकदम भडकायचा. एक पान होडी करायला ठेवून घेतलं.

आता तुमच्या 'संसारा'बद्दल. कायद्याने काहीच नव्हतं. अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर (जिच्याशी तिने संसार थाटला ती) यांनी १८३४ च्या ईस्टरला यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला आणि आपण बांधले गेलो असं मानलं, बस. शेजारीपाजारी कुजबुजायचे. 'जेंटलमन जॅक' हे नावही त्या टोमण्यांतलंच.

अन् हो, बाई काही साध्वी नव्हती. स्वतःला मताचा हक्क नाही, पण कुळांनी टोरींनाच, म्हणजे जुन्या वळणाच्या पक्षालाच, मत द्यावं म्हणून दडपण आणायची. मालिका तिच्या प्रेमात आहे, हे ध्यानात ठेवून बघा. दोनच सीझन झाले, २०१९ आणि २०२२. पुढे काम थांबलं, त्यामुळे १८४० साली कॉकेशसमधल्या जॉर्जियात ती वारली तिथपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

पण मालिका नंतर. आधी घरातला माळा बघा. मोडीचे कागद असतील तर फोटो काढून ठेवा, वाचता न का येईना. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात. मी पन्नाशीजवळ शिकले, त्या एका पानासाठी.

पानावर कडब्याच्या पेंढ्यांचा हिशेब निघाला. गड्याची मजुरी. खाली एक ओळ: 'बाईंना ताप. रात्रभर बसून होते.'

काकांना वाचून दाखवलं. चष्मा न काढता म्हणाले, "बघ, हिशेबच. मी सांगत नव्हतो?"