एका बाफल्यानं काय होतंय?

प्रश्न : ताई, मी इंदूरच्या विजयनगरमधल्या एका ऑफिसात कामाला आहे. गेल्या वर्षी मला सीलिअ‍ॅक निघाला. गहू, मैदा, रवा, जव कायमचं बंद. जुन्या मॅडमना ठाऊक होतं, म्हणून निभावलं. आता लखनौहून नवे सर आलेत आणि शुक्रवारी सगळ्या टीमला दाल-बाफल्याच्या (डाळ आणि कणकेचे तुपात बुडवलेले गोळे) जेवणाला नेणार आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. एक सहकारी म्हणतो, एका बाफल्यानं काय होतंय. आई म्हणते, उपवास आहे सांग आणि मोकळी हो. पहिल्याच जेवणात नखरेल ठरायचं नाहीये. काय करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : टाळ्या वाजवल्यास ते बरंच केलंस.

आईची युक्ती आधी घेते, कारण मोह तिचाच पडणार. आपल्या इंदुरात ‘उपवास है’ म्हटलं की अख्खं टेबल तुझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी शोधायला उठतं. आजार म्हटलं, तर तीच माणसं काढे सुचवतात. पण शुक्रवार एकदा धरलास की दर शुक्रवारी पाळावा लागेल, आणि सोमवारी कुणाच्या वाढदिवसाची कचोरी आली की मग काय सांगशील? खोटं बोलायला माझी हरकत नाही, पण ते टिकाऊ हवं.

साहेबांना जेवायला बसल्यावर सांगू नकोस. माळव्यात आग्रहाला दिलेला नकार हा विनय समजतात. जितकं नाही म्हणशील तितकं तूप वाढेल. दोन दिवस आधी एकटे सापडतील तेव्हा सांग : ‘सर, मुझे सीलिअ‍ॅक है, गेहूँ बिलकुल नहीं चलता. शुक्रवार को आऊँगी, अपने खाने की बात मैं होटल से कर लूँगी.’ सॉरी घालू नकोस. जेवणाची सोय तूच बघते आहेस हे कळलं की हॉटेल बदलायचं का, ही चर्चाच निघत नाही.

खरं काम हॉटेलात आहे. दुपारची गर्दी ओसरल्यावर फोन कर आणि गल्ल्यावरच्या माणसाशी नाही, स्वयंपाक करणाऱ्या महाराजांशी बोल. ‘बाफला नको’ एवढ्यानं भागत नाही. बाफला आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. त्या तुपाच्या तळाशी गव्हाचा चुरा बसतो आणि तेच तूप पळीनं तुझ्या भातावर आलं की भातही गेला. डाळीच्या फोडणीत हिंग असतो. डबीतल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. कढी बेसनाची म्हणून बिनधास्त ओरपशील, तर तिथेही तोच हिंग. लाडू चुरम्याचा, म्हणजे गहूच. भजी कुठल्या कढईत तळली, हे विचारल्याशिवाय नको. तेव्हा मागणी छोटी ठेव : फोडणीआधी बाजूला काढलेली साधी डाळ, वेगळ्या चमच्यानं वाढलेला भात, दही. तूप नकोच.

महाराज कां-कूं करायला लागले, तर घरून ज्वारीची भाकरी-भाजी ने; डबा आणते आहे, हेही हॉटेलला आधी सांगून ठेव. फक्त ती ज्वारी गिरणीत गव्हावर दळलेली नको. (आमच्या गल्लीतला गिरणीवाला ‘चलता है’ म्हणतो. नाही चालत.)

सहकाऱ्याचं म्हणशील, तर एका बाफल्यानं लगेच काही दिसणारही नाही कदाचित, म्हणून तर तो इतका ठामपणे बोलतो. ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्तीच लहान आतड्यातल्या रसांकुरांवर उठते, आणि लोह-कॅल्शियम रक्तात पोचतं ते त्यांच्यातूनच. त्यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून चुऱ्याची किंमत समज. हे सगळं त्याला ऐकवत बसू नकोस. ‘डॉक्टर ने मना किया है’ पुरे.

आणि एवढं करूनही कुणी प्रेमानं तुझ्या ताटात बाफला टाकलाच, तर तो उचलून शेजारच्याला देऊन सुटका नाही. ताट बदलून माग, वाट्यांसकट.