चार वर्षांच्या मुलीला चित्रं वेगळी करायचे खेळ द्यायचेत, ॲप विकत घेऊ का?

माझं मत विचाराल तर आत्ता नका घेऊ. मी वर्सोव्याला कोळीवाड्याजवळ बालवाडी घेते, चौदा वर्षं झाली. मागच्या वर्षी एका मुलाने बोंबलाचं कार्ड उचललं आणि सरळ शर्टाच्या कार्डाशेजारी नेऊन ठेवलं. बाकीची पोरं ओरडायला लागली, अरे मासा माशांत ठेव! मी विचारलं, का रे बाळा तिकडे? तर म्हणतो, टीचर, दोन्ही दोरीवर वाळत घालतात ना. त्याच्या घरासमोर बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील टांगलेले असतात, रोज बघतो तो. ॲपने इथे लाल फुली दाखवली असती आणि विषय संपला असता. त्यामुळे चूक-बरोबर नंतर, आधी "का" विचारा, खरी बुद्धी त्या उत्तरात दिसते.

कार्डं घरीच होतात, पेपरातल्या जाहिराती, जुन्या लग्नपत्रिका कापा, दहा-बारा पुरे.

आता एक खेळ नक्की करून बघा. लाल आणि निळे ससे, लाल आणि निळ्या होड्या काढा. आधी रंगाने वेगळे करायला सांगा, मग मधेच म्हणा आता रंग नाही, ससे इकडे होड्या तिकडे. तीन वर्षांची बरीचशी मुलं इथे अडकतात, नवीन नियम तोंडाने बरोबर सांगतात पण हात जुन्याच नियमाने चालतो, फिलिप झेलाझो वगैरे मानसशास्त्रज्ञांनी ह्याचा खूप अभ्यास केलाय. चार-पाचपर्यंत बहुतेकांना जमतं, म्हणून आत्ता नाही जमलं तरी प्लीज रागावू नका, तिला कळत नाही असं नसतं ते.

ते जमलं की लादीवर चार चौकोन आखा, वर मोठी लाल बांगडी नि छोटी लाल बांगडी, खाली मोठी हिरवी, चौथा रिकामा, तिथे काय येईल? रेव्हनच्या १९३८ च्या प्रसिद्ध बुद्धिमत्ता चाचणीतली कोडी ह्याच धर्तीची आहेत.

आणि महाग किट पण नको हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला, नंतर कोसबाडला, बिया, पानं, शिंपले घेऊन बालवाड्या चालवल्या. तुम्ही मुंबईत आहात तर रविवारी जुहूला जा, शिंपले वेचा आणि घरी आल्यावर तिलाच सांगा वेगळे कर, कसे करायचे ते तिलाच ठरवू दे. दहा-पंधरा मिनिटं झाली, कंटाळली की लगेच आवरा.