आधी भिंग घे, मग मॉसला दुर्मीळ म्हण

आंबोलीत सीतेची वेणी, ते झाडावरचं ऑर्किड, ओळखलीस, छान. पण ती सोपी रे! मे-जूनमध्ये फुलली की झाडाखालून जाणाऱ्यालाही दिसते. पण आता तू दुर्मीळ म्हणतोयस त्या मॉसला, म्हणजे खडकावर-सालीवर झुबक्यांनी वाढणाऱ्या इवल्या हिरव्या वनस्पतीला, फूलच नाही, खरं मूळही नाही. पान बहुधा एका पेशीच्या जाडीचं. दहापट भिंग घे, सुकलेल्या झुबक्यावर पाण्याचा थेंब सोड, पानं उलगडतात. मग बीजाणूंची कुपी शोध. कुपीचं झाकण गळलं असेल तर तिच्या तोंडाभोवतीचे दात बघ, ओळखीची खूण बरेचदा तिथेच असते. कुपी नसेल तर नाव सांगायची घाई नको. मीही सुरुवातीला प्रत्येक अनोळखी मॉसला दुर्मीळ म्हणायचो. त्यातले बरेच फक्त कुणी वाकून न पाहिलेले होते. झुबका उपटू नकोस. फोटो काढ, खडकावर होतं की झाडाच्या सालीवर, तेवढं टिपून ठेव.