हसू नका, मग सांगतो

लहान मुलांच्या गमती मोबाईलमध्ये टिपून ठेवणाऱ्या आयांची एक काळजी समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे वारंवार येते. कधी सरळ येते, कधी दुसऱ्याच तक्रारीच्या पोटातून निघते. मूल आधी भरभरून बोलायचं, नाचायचं, नकला करायचं. आता मोबाईल दिसला की तोंड फिरवतं. किंवा उलट, मोबाईल समोर धरल्याशिवाय काही करतच नाही. आई विचारते, मी व्हिडिओ काढले म्हणून हे झालं का? आणि त्याच दमात म्हणते, पण नाही काढले तर हे दिवस परत कुठून आणू?

वैशालीताईंकडे हे दोन्ही प्रश्न होते. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोंडाईच्याजवळच्या एका गावात सासू-सासरे, त्या आणि साडेचार वर्षांचा मल्हार. नवरा सुरतेला कापडाच्या दुकानात नोकरीला. सुरत-भुसावळ गाडीने महिना-दीड महिन्याने घरी येणार, दोन दिवस राहणार, परत जाणार. खानदेशातल्या कितीतरी घरांचं असंच आहे. लेकरू वाढतं इथे आणि बाप त्याला वाढताना बघतो फोनवर. मल्हारनं शेळीच्या पिल्लाला अंगाई म्हटली, आजोबांचा चष्मा लावून ‘पेपर वाचला’, भाकरी थापताना पिठाचा हत्ती केला, की वैशालीताई ते टिपायच्या आणि रात्री नवऱ्याला पाठवायच्या. तो जेवताना बघायचा.

हे मी आधीच सांगते, कारण ‘आजकालच्या आयांना मोबाईलचा नादच लागलाय’ असं म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. वैशालीताईंच्या फोनमध्ये नाद नव्हता, संसार होता. त्यांना पहिल्याच भेटीत ‘व्हिडिओ बंद करा’ असं सांगितलं असतं, तर एका बापाचं लेकराशी असलेलं रोजचं नातं मी तोडलं असतं.

गोष्ट घडली श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, ही खानदेशातली देवी, बसली. सुरत, नाशिक, पुण्याहून भाऊबंद आले, रोटांचं जेवण झालं, रात्रभर गाणी झाली. नथ घातलेल्या, डोळे रेखलेल्या त्या नारळाच्या देवीपुढून मल्हार हलायला तयार नव्हता. सोमवारी सकाळी तिला निरोप द्यायला सगळे वाजतगाजत नदीवर निघाले. पाण्याजवळ पोचल्यावर मल्हार एकदम आडवा झाला आणि ओरडायला लागला, ‘तिला पाण्यात नका टाकू! तिला पोहता येत नाही!’ सगळ्यांना हसू फुटलं. वैशालीताईंच्या हातात मोबाईल होताच.

हा व्हिडिओ नवऱ्याला गेला, तसा घराण्याच्या ग्रुपवरही गेला. तिथून एका चुलत दिरानं स्टेटसला ठेवला. कुणीतरी मागे गाणं लावून त्याचं रील केलं. आठवडाभरात मल्हार गल्लीत निघाला की दुकानदार विचारायचा, ‘काय रे, कानबाईला पोहता येतं का?’ मामानं फोनवर तेच विचारलं, बालवाडीच्या मावशींनी तेच. सगळे प्रेमानंच विचारत होते. मल्हार आधी लाजला, मग चिडला, मग गप्प झाला. बालवाडीत बोलेना. रात्री झोपताना आईला दिवसभराच्या गोष्टी सांगायचा, ते बंद. आईनं फोन हातात घेतला की पदराआड तोंड लपवायचा. ती फक्त वेळ बघत असली तरी.

माझ्या खोलीत आल्यावर त्यानं पहिल्यांदा टेबलावरच्या माझ्या फोनकडे पाहिलं. मी त्याच्यासमोर तो बंद केला, कपाटात ठेवला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्या दिवशी तो काही बोलला नाही, पण किल्ली जाईपर्यंत मुठीत होती. पुढच्या भेटीत आम्ही माती घेऊन बसलो. त्यानं एक गोळा केला, त्याला डोळे काढले, नाक काढलं. मी विचारलं, ‘ही कोण?’ बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाला, ‘तुम्ही हसाल.’ मी म्हटलं, नाही हसणार. ‘हसू नका, मग सांगतो.’

त्यानं जे सांगितलं ते ऐकून वैशालीताईंना रडू आलं. पावसाळा लागल्यापासून आई आणि आजी त्याला रोज बजावत होत्या की नदीकडे जायचं नाही, तुला पोहता येत नाही, बुडशील. त्यानं तो नियम मनापासून ऐकला होता. आणि ज्या देवीला दोन दिवस जेवायला घातलं, गाणी म्हटली, तिलाच घरातली मोठी माणसं पाण्यात न्यायला निघाली होती. तिला पोहायला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. दोन ते सात या वयात मुलांना निर्जीव वस्तूही जिवंत वाटतात, त्यांना भूक लागते, त्यांना दुखतं, असं ती धरून चालतात. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे तपशिलानं मांडून ठेवलं आहे. मल्हारचं बोलणं आपल्याला गमतीचं वाटलं. त्याच्या बाजूनं ते कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी केलेलं आर्जव होतं.

मग मी आणि वैशालीताईंनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, मल्हार बाहेर आजोबांजवळ खेळत असताना. त्यांनी तो आधी किती वेळा पाहिला असेल, तरी दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या नव्हत्या. हसण्याच्या गलक्यात मागून सासूबाईंचा आवाज येतो: ‘पोरगं रडी ऱ्हायनं, अन् तुम्ही हासी ऱ्हायनात?’ त्या गर्दीत एका माणसाला तरी ते रडणं रडणं म्हणून ऐकू आलं होतं.

दुसरी गोष्ट, मल्हार पूर्ण वेळ सरळ कॅमेऱ्यात बघतोय. पण तो कॅमेऱ्यात बघत नव्हता, आईकडे बघत होता. मूल वर्षाचं होतानाच ही सवय लागते: काही अनोळखी, भीतीचं घडलं की ते आईबापाचा चेहरा शोधतं आणि त्यावरून ठरवतं, घाबरायचं की नाही. त्या क्षणी मल्हारला आईचा चेहरा हवा होता आणि चेहऱ्याच्या जागी मोबाईलची पाठ होती. वैशालीताईंना मी हे दोष देण्यासाठी सांगितलं नाही. पण मुलांचे व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं. मूल हसत असेल तर टिपा. रडत असेल, घाबरलं असेल, चिडलं असेल, तर आधी फोन खाली. ते रडणं कितीही गोड दिसत असलं तरी.

हसण्याचंही एक आहे. स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेनं बघून संकोचणं हे मुलांमध्ये दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धापासून दिसायला लागतं, आणि तीनच्या आसपास लाज, फजिती या भावना चांगल्या कळू लागतात. ‘त्याला काय कळतंय’ हे साडेचार वर्षांच्या मुलाबद्दल म्हणणं चुकीचं आहे. त्याला कळतं की आपण बोललो आणि लोक हसले. का हसले, एवढंच कळत नाही. आणि म्हणून पुढच्या वेळी न बोलणं हा त्याला सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो. ज्यांची मुलं कॅमेऱ्यासमोरच खुलतात त्यांच्या घरीही मूळ हेच असतं: मुलानं ओळखलेलं असतं की आपल्या बोलण्यापेक्षा बोलण्याच्या व्हिडिओला घरात जास्त किंमत आहे. तिथे उपाय सोपा आहे. काही दिवस फोन न काढता, हातातलं काम सोडून त्याचं बोलणं ऐकायचं.

मल्हारच्या घरी काम जरा जास्त होतं. पहिलं काम आईचं. ती त्याला म्हणाली, ‘तुला न विचारता मी तुझा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. ते बरोबर नव्हतं. आता विचारल्याशिवाय नाही पाठवणार.’ लेकराची माफी काय मागायची, असं सासरे कुरकुरले. सासूबाईंनी त्यांना गप्प केलं. बापानं सुरतेहून फोन करून विचारलं, ‘कानबाईची काळजी तुला वाटली, अजून कुणाला का वाटली नाही रे?’ हा प्रश्न मीच सुचवला होता, पण बापानं तो इतक्या गंभीरपणे विचारला की मल्हार पहिल्यांदा त्या प्रसंगावर स्वतःहून बोलला. मग आजीनं त्याला कानबाईची गोष्ट सांगितली: ती आपल्या घरी पाहुणी आली होती, पुढच्या श्रावणात पुन्हा येणार आहे. हे खरं तर नदीवर जायच्या आधी सांगायला हवं होतं.

ग्रुपवर वैशालीताईंनी साधा निरोप टाकला: मल्हारला त्या व्हिडिओचा त्रास होतोय, कृपया काढून टाका आणि त्याला त्यावरून विचारू नका. बहुतेकांनी काढला. चुलत दीर रुसले, ‘एवढं काय त्यात’ म्हणाले. रील कुठवर गेलं होतं ते कुणालाच सांगता येईना. स्टेटस चोवीस तासांत जातं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तेवढ्या वेळात कुणीही त्याची नक्कल करून ठेवू शकतं. मुलाचं आंघोळीचं, कपडे नसलेलं, शी-शूचं काहीही मी नवऱ्यालासुद्धा पाठवू नका म्हणते. फोन हरवतात, दुरुस्तीला जातात, दुसऱ्यांच्या हातात पडतात.

आता दुसरा प्रश्न. व्हिडिओ कमी केले तर हे सगळं विसरणार का? वैशालीताईंची ही भीती खरी आहे. मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळपास काही आठवत नाही. म्हणजे मल्हारचं आजवरचं बहुतेक बालपण मल्हारकडे राहणार नाही, ते आईबापांनीच सांभाळायचं आहे. पण फोन ते सांभाळतो असं समजण्यात फसगत आहे. लिंडा हेंकल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूच्या एका भागावर कॅमेरा नेऊन फोटो काढला, त्यांची आठवण तशी घटली नाही. माझ्या मते आईबापांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की लक्ष देऊन टिपलेलं थोडं हे दिवसभर चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकतं.

म्हणून मी त्यांना वही करायला सांगितली. साधी दोनशे पानी. तारीख, मल्हारचं वय, त्याचे शब्द अगदी त्यानं उच्चारले तसे, अहिराणी-मराठीची खिचडी असेल तर ती तशीच; आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधी काय झालं होतं. व्हिडिओत नेमकं हेच सुटतं. ‘कानबाईला पोहता येत नाही’ हे व्हिडिओत होतं. रोज नदीची भीती घातली जात होती, हे त्यात कुठेच नव्हतं.

मुलांच्या गमती लिहून ठेवणारा एक बाप फार मोठा होता. चार्ल्स डार्विननं आपल्या थोरल्या मुलाची, १८३९ मध्ये जन्मलेल्या विल्यमची, टिपणं ठेवली आणि १८७७ मध्ये ती लेखरूपात छापली. त्यात एक नोंद आहे: दहा दिवस बाहेरगावी राहून बाप घरी आला, तेव्हा सव्वादोन वर्षांचा मुलगा पहिल्यांदा लाजला, नजर किंचित वळवून उभा राहिला, मग थोड्या वेळात येऊन मांडीवर बसला आणि त्यानं बापाचा मुका घेतला. हे मी मल्हारच्या वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, मी आलो की मल्हार असाच करतो. मला वाटायचं ओळखत नाही की काय.’

वहीचा उपयोग आणखी एका कारणानं झाला. वडील घरी आले की तिघं मिळून ती वाचायचे, आणि वाचताना मल्हारला विचारायचे: मग काय झालं? तेव्हा कोण होतं तिथे? तुला काय वाटलं? रॉबिन फायवश आणि इलेन रीज यांनी आईबाप मुलांशी जुन्या प्रसंगांबद्दल कसं बोलतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. जिथे असे मोकळे प्रश्न विचारून, मुलाच्या उत्तरात भर घालत बोललं जातं, तिथल्या मुलांच्या आठवणी पुढे जास्त भरीव असतात. नुसतं स्क्रीनवर बघून ‘किती क्यूट’ म्हणण्यात हे होत नाही.

व्हिडिओ बंद झाले नाहीत. आता मल्हार आधी बघतो, मग ‘पप्पांना पाठव’ किंवा ‘नको’ म्हणतो. त्याचं ‘नको’ पाळलं जातं. सुरुवातीला त्यानं प्रत्येक व्हिडिओला नको म्हटलं, आणि वैशालीताईंचा जीव खालीवर झाला. पण नकार खरंच चालतो हे कळल्यावर तो हळूहळू हो म्हणू लागला. बालवाडीत पुन्हा बोलायला त्याला दिवाळीच्या पुढे वेळ लागला. मावशींनी त्याला वर्गापुढे उभं करायचं थांबवलं, एकेका मुलाबरोबर खेळायला बसवलं, त्याची मोठी मदत झाली.

तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर आधी चिडवणं थांबवा आणि काही आठवडे वाट बघा. बहुतेक मुलं सावरतात. पण मूल घरी नीट बोलत असूनही शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना यात धरू नका), झोप-जेवण बिघडलं असेल, किंवा आधी येत असलेले शब्दच गेले असतील, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे मुलाला दाखवा. आणि रात्री-अपरात्री काळजीनं झोप लागत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे आईबापांनीही स्वतःसाठी फोन करावा.