आजोबांची गंजलेली फियाट गावच्या घरीच दुरुस्त करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या गावी आजोबांची 1972 ची फियाट बारा वर्षं गोठ्यालगतच्या पडवीत उभी आहे, खालून गंजली आहे, इंजिन जाम आहे. ती घरीच चालती करता येईल का, आणि सुरुवात इंजिनापासून करू की रंगापासून, हा तुमचा प्रश्न.

करता येईल. पण सुरुवात दोन्हींपासून नाही. आधी गाडी धुवा.

हसू नका. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. घर पूर्णगडच्या खाडीलगत. काकांची 1978 ची पद्मिनी मी दोनदा दुरुस्त केली, कारण पहिल्यांदा केली ती चुकीची. तुमच्या आणि माझ्या गाडीचं नाव वेगळं असलं तरी घराणं एकच: तेच 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला तोच गिअरचा दांडा. त्यामुळे माझ्या चुका तुमच्या कामी येतील.

पहिल्या वेळी मी शहरातल्या एका पेंटरकडे गाडी दिली. त्याने गंज घासला, भोकं पुट्टीने बुजवली, वर झकास क्रीम रंग मारला. गाडी गणपतीला दारात उभी राहिली तेव्हा अख्खी वाडी बघायला आली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत मडगार्डच्या कडेला पुरीसारखे फुगे आले. एक फुगा नखाने उचलला, तर खाली ओला, काळपट-तांबडा चिखल. पुट्टीचा तुकडा हातात आला, त्याला मागून वर्तमानपत्राचा बोळा चिकटलेला. बोळ्यावरचं राशिभविष्य वाचता येत होतं, गाडीचं मात्र मला कळलं नव्हतं.

तेव्हा कुठे शाळेत शिकवलेलं आठवलं. लोखंड, पाणी आणि हवा मिळून गंज होतो हे सातवीतलं पोरही सांगेल. कोकणात या तिघांत चौथा भिडू असतो, तो म्हणजे मीठ. खारं वारं ते पत्र्यावर आणून बसवतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात तुमच्या आईच्या मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तेच गाडीच्या पत्र्यावर घडतं. आणि यात मीठ खर्ची पडत नाही. लोखंडाचा गंज करून मिठातलं क्लोराइड पुन्हा मोकळं होतं, एक लग्न लावून भटजी पुढच्या मांडवात जातो तसं. म्हणून वरचा गंज घासून रंग मारला तरी खड्ड्यांच्या तळाशी उरलेलं मीठ रंगाखाली आपलं काम चालू ठेवतं. गंज काढायला ग्राइंडर पुरतो. मीठ काढायला पाणी आणि वेळ लागतो.

आमच्या गाडीचं तर विचारूच नका. काका मिरकरवाड्याहून बर्फातली मासळी डिकीत घालून आणायचे. खोक्यातलं खारं पाणी वर्षानुवर्षं डिकीच्या तळाशी मुरलं होतं. बाकी गाडीला गंज होता, डिकीला तळच नव्हता.

तर धुण्याबद्दल. सीटा, गालिचे, रबरी पट्ट्या सगळं बाहेर काढा. दाराखालच्या पोकळ पेट्यांना आणि दारांना खाली पाणी निघायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. बारा वर्षांत त्यात माती, कुंभारीण माशीची घरं, उंदरांनी नेलेलं भाताचं तूस असं काहीही सापडेल. मग आतून-बाहेरून पाणी सोडा, पण कुठलं पाणी ते बघून. खाडीजवळच्या विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे चिखलाने चिखल धुणं. मी जुलैत धुतलं, पागोळ्यांच्या पाण्याने. कौलं आठ-पंधरा दिवसांच्या पावसाने स्वच्छ झाली की त्याच्याइतकं गोडं पाणी नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, एरवी आपण त्याला शिव्याच घालतो. पिंप लावलं आणि पाइप पेटीत घालून रोज अर्धा तास पाणी सोडलं.

मीठ गेलं की नाही हे कसं कळणार? शाळेच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचं थोडं द्रावण मागून आणलं. परीक्षानळीत गाडीतून निथळलेलं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पहिल्या दिवशी नळीत ताक घुसळल्यासारखं पांढरं झालं. शेजारी पागोळीच्या साध्या पाण्याची नळी ठेवली होती, ती जवळपास स्वच्छ. अकराव्या दिवशी दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या, तेव्हा थांबलो. (हे द्रावण बोटाला लागलं तर डाग काळा पडतो आणि आठवडाभर जात नाही.) तुमच्याकडे हे रसायन नसेल तर दोन आठवडे धुवा.

यात ओल्या पत्र्यावर थोडा नवा गंज येतोच, त्याची काळजी नको. जुना रंग आहे तिथे तो राहू द्या, पावसाळ्यात एक इंचही पत्रा उघडा करू नका. घासकाम, वेल्डिंग, रंग सगळं ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. दमट हवेत ड्यूको (गाडीचा झटपट वाळणारा फवारा-रंग) मारला तर तो धुरकट पांढरा पडतो.

आता खरी परीक्षा. जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि गाडीखाली झोपून (दोन स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही) दाराखालच्या पेट्या, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे टोकाचे आधार, सगळीकडे टोचत जा. चांगला पत्रा टण् वाजतो. माझ्या डाव्या पेटीवर बाहेरून रंग शाबूत होता. मी सहज टोचलं, ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि ओढून काढताना ओंजळभर पापुद्रे छातीवर पडले, जुन्या पोथीची पानं झडावीत तसे.

या गाड्यांना जीपसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा डबा हाच सांगाडा, आणि त्या पेट्या म्हणजे घराचे वासे-तुळया. म्हणून दोन्ही बाजू एकदम कापू नका. दारं लावून, दाराच्या चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा, तळाला आधार द्या, मग एकच बाजू कापून पूर्ण जोडा, दारं पुन्हा लावून बघा, मगच दुसरी. माझा वेल्डर नाटे गावचा तरुण पोरगा. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने ग्राइंडर उचलला तर म्हणाला, "सर, आधी माप लिहा. कापलेलं परत येत नाय." त्याने डाव्या दाराच्या वरच्या फटीत आठ मिलिमीटर आणि खालच्या फटीत पाच लिहिले होते. काम झाल्यावर आठ आणि साडेपाच भरले. मी शाळेत एवढी अचूकता कधी पाहिली नाही.

वेल्डर निवडताना बघा: गेट-ग्रिल करणारा आर्कवाला इथे नको, पातळ पत्रा भसकन जळतो. मिग (बारीक तारेचं, वायूच्या आवरणातलं वेल्डिंग) करणारा किंवा हात बसलेला गॅसवाला हवा, पत्रा 20 गेजचा (जेमतेम एक मिलिमीटर जाड), आणि सलग न ओढता लांब लांब टाके. होड्यांना फायबर लावणारे तुम्हाला स्वस्तात भोकं बुजवून देतील. होडीला ते शोभतं. इथे फायबरमागे गंज सुखाने नांदतो आणि भार पेलणारं काहीच उरत नाही.

सुट्या लहान भागांसाठी (बिजागऱ्या, ब्रॅकेट, नट) मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज सोडवला: गंजका भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. स्टेनलेस स्टीलचं भांडं किंवा पट्टी धन टोकाला कधीही लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे खळ्यात, उघड्यावर. शेजारच्या काकूंनी कोकमाचं आगळ सुचवलं होतं. आंबटाने गंज सुटतो हे खरं, पण आगळात मीठ असतं हो. मग किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घेतलं, तेही छान चालतं, नंतर स्वच्छ धुवून लगेच वाळवलं की झालं.

मोठ्या पत्र्यावर गंज घासून फॉस्फरिक ॲसिडचं औषध, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा, पाणी अडवणारा अस्तर-थर). त्याच दिवशी म्हणजे दिवेलागणीच्या आत. आपल्याकडे रात्रीचं दव खारं असतं, सकाळी चकचकीत पत्र्यावर केशरी लव आलेली दिसते. म्हणून मी रोज पाटाएवढाच तुकडा हाती घ्यायचो. साधा प्रायमर पाणी शोषतो, तिथे पैसे वाचवू नका. पोकळ पेट्यांच्या आत रंग पोचत नाही, तिथे पातळ केलेलं मेण-तेल पिचकारीने मारा, दर दिवाळीला. कुणी काजूच्या टरफलाचं तेल सांगेल, होड्यांना ते लावतात. मी लावून पाहिलं, बिब्बा उतावा तसा मनगटावर उतलं, पुन्हा नाव काढलं नाही.

इंजिनाचं मानाने सोपं. प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि ऑइल समसमान ओता, आठवडाभर मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूच मागे-पुढे हलवा. जोर करू नका. स्टार्टर मारून सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको. ब्रेक मात्र चारी चाकांचे पूर्ण उघडा: चारी ड्रम, आतले सिलिंडर अडकलेले असणार, रबरं नवी, लोखंडी नळ्या नव्या. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्याही बदला, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी ठेवा. सुटे भाग मला मुंबईत कुर्ल्यात मिळाले. तिथे अर्धं आयुष्य काळ्या-पिवळ्या पद्मिन्यांवर काढलेले लोक आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, तेव्हा जे हवं ते आत्ताच आणून ठेवा.

खर्च: दुसऱ्या वेळी माझे पावणेदोन लाख गेले, दोन हिवाळे गेले. पहिल्या वेळचे विचारू नका, बायको वाचतेय.

आणि ग्राइंडर लावण्याआधी कागद. आजोबा नसतील तर वारस म्हणून नावावर करायला नमुना 31 भरावा लागतो. चेसिस नंबर जिथे कोरला आहे तिथे तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका, आधी पेन्सिलीने कागदावर ठसा घेऊन ठेवा. नंबर घासला गेला तर आरटीओत गाडीला ओळखच उरत नाही. तुमची पन्नास वर्षांवरची आहे, म्हणजे 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते: 20 हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अक्षरं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आजीला घेऊन वेळणेश्वरला जायचं असेल तर नेहमीची पाच वर्षांची फेरनोंदणीच करा.

आता पेटीला स्क्रू-ड्रायव्हर टोचा आणि तो किती आत गेला ते इथेच कळवा. बोटभर गेला तर वेल्डर कुठला हवा ते सांगतो. मुठीपर्यंत गेला तर फोटो टाका, आणि तोवर गाडीवर ताडपत्री घट्ट आवळून ठेवू नका. आतली ओल आतच कोंडते.