शेवटचं ताट

चि. बाबूस,
मोठीमायचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होते. वेचणीच्या बायांचा कापूस मोजून घेणं चालू होतं, म्हणून धड बोलणं झालं नाही. तू एवढंच विचारलंस, "मोठीमाय, आज भाजी कायची करू?" पण आवाजावरूनच कळलं की पोरगं टेकीला आलं आहे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले, ती खाटेवर. आजीच्या तोंडात दात नाहीत. बाबा दिवसभर वावरात, पोरगी पहिलीत, सूनबाई आठ वाजता आरोग्य उपकेंद्रात ड्यूटीवर. म्हणजे सहा माणसांची चूल तुझ्या एकट्याच्या हाती. पुरुषमाणूस भाकरी थापतो म्हणून पारावर कोणी हसत असेल तर हसू दे. मला तुझं फार कौतुक वाटतं.

"मेथी कर" असं फोनवर सांगून मी मोकळी झाले असते, पण उद्या पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता. म्हणून हे लिहून पाठवते.

भाजीचा प्रश्न सगळ्यात शेवटचा, बाबू. स्वयंपाकाला उभा राहिलास की आधी वरणाचं बघायचं. आपल्या घरात मांसमच्छी नाही, अंडंही नाही. अंगात ताकद यायची ती तुरीच्या डाळीतून, ज्वारीतून आणि गोठ्यातल्या दुधातून. ज्वारीत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी आहे ते ज्वारीत असतं, म्हणून वरणात कुसकरलेली भाकर हे पोटभर जेवण आहे. भाजी एखाद्या दिवशी नसली तरी चालते. वरण पातळ झालं तर चालत नाही.

माणशी एका वेळेला एक मूठ कोरडी डाळ धरजो. सहा माणसं म्हणजे सहा मुठी. तुला पहिल्यांदा जास्त वाटेल, कारण तुझ्या आईच्या हातून चार मुठी पडत होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डाळ रात्रीच निवडून ठेव आणि सकाळी उठल्या उठल्या भिजत घाल. कोठीतली मागच्या सालची तूर आहे, ती शिजायला वेळ घेते. अर्धा-पाऊण तास भिजली की कुकरमध्ये हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून लाव. मीठ, चिंच, टमाटर यातलं काहीही डाळ शिजेपर्यंत घालायचं नाही. आंबट आधी पडलं की डाळ दडदडीत राहते, मग कितीही शिट्ट्या कर. हळद वायगावची मिळाली तर तीच घे, समुद्रपूरकडचे लोक बाजारात आणतात. चिमूटभरानं वरण पिवळं होते.

कुकर उघडला की डाळ रवीनं घोट. आता इथं थांब, हीच खरी वेळ आहे. फोडणी द्यायच्या आधी, पाणी वाढवायच्या आधी, घट्ट वरणाच्या तीन वाट्या काढून बाजूला ठेवजो. एक आजीची, एक आईची, एक सूनबाईची. त्यानंतर बाकीच्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दे, लाल तिखट घाल, पाहिजे तेवढं सैल कर.

सूनबाईची वाटी कशाला, ती तर तरुण आहे, असं तुझ्या मनात येईल. त्यासाठी तुला एक गोष्ट सांगते. ती मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

तुला माहीत आहे, मी चोवीस वर्षं अंगणवाडी चालवली. भिंतीवर आहाराचा तक्ता होता. गरोदर बायांना समोर बसवून मी सांगायची, डाळ खा, हिरवी भाजी खा, गोळ्या चुकवू नका. माझी पोरगी बारावीत असताना एक दिवस कॉलेजात भोवळ येऊन पडली. तालुक्याला नेली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8. बाईला 12 च्या वर पाहिजे, हे मीच गावाला सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं?" मी म्हटलं, "आम्ही दोघी मायलेकी." त्या पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती.

घरात काही कमी नव्हतं. कोठीत दोन पोते तूर होती, गोठ्यात गाय होती. पण पोरगी दहा-बारा वर्षांची झाल्यापासून मी तिला माझ्यासोबत वाढायला उभी केली होती. आधी सासरे, मग तुझे मोठे बाबा, मग पोरं, कोणी पाव्हणा आला तर तो. पाव्हणा आला की वरणात तांब्याभर पाणी. आमच्या दोघींच्या ताटात यायचं ते वरणाचं पाणी, तव्यावर शेवटी राहिलेली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यानं भूक भागल्यासारखी वाटते, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. मी माझ्या सासूचं पाहून केलं आणि पोरीनं माझं पाहून केलं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये ते 25 टक्के. बायांच्या मागं पाळी आहे, बाळंतपणं आहेत, ती कारणं आहेतच. पण घर एक, चूल एक, भांडं एक असताना एवढा फरक पडतो, त्यात वाढण्याच्या क्रमाचाही हात आहे असं माझं पक्कं मत झालं आहे.

त्या संध्याकाळी मी भाकरीची टोपली, वरणाचं गंज, भाजी, सगळं मधोमध आणून ठेवलं आणि सात ताटं एकदम मांडली. तुझे मोठे बाबा दारात उभे राहून पाहत राहिले. मग काही न बोलता त्यांनी आपला पाट थोडा सरकवला आणि पोरीला बाजूला बसवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात पंगत एकच. कोणाला काय पाहिजे ते ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. पोरीचं रक्त भरून यायला सहा महिने लागले, गोळ्याही घ्याव्या लागल्या.

म्हणून सांगते, स्वयंपाक जमला की नाही हे पहिल्या ताटावरून ठरवू नको. बाबा "छान झालं" म्हणतील, ते गरम भाकरीवर पहिल्या वाटणीचं जेवतात. तू शेवटचं ताट पाहजो. आज तुझ्या घरात ते शेवटचं ताट दुपारी दोनला ड्यूटीवरून येणाऱ्या सूनबाईचं आहे, आणि रात्री बहुतेक तुझं स्वतःचं. राबणारा उपाशी राहिला तर उद्या चूल कोण पेटवेल?

आता भाकर. तू म्हणालास की तुझी भाकर तुटते आणि काठ फाटतात. तुझ्या हाताचा दोष नाही, पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांच्या वर गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. एका वेळी तीन-चार पायल्या दळून आणायची सवय सोड, आठवड्याचंच दळ. तोपर्यंत घरात असलेल्या पिठाला उकळतं पाणी घे. परातीत पीठ घेऊन मधे आळं कर, त्यात उकळतं पाणी ओत, चमच्यानं कालव आणि दोन मिनिटं झाकून ठेव. मग हाताला सोसेल एवढं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगड. गोळा लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे. एका वेळी एकाच भाकरीचं मळजो, सगळं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकरी तडकतात. थापताना खाली कोरडं पीठ, बोटं काठाकडं, भाकर आपोआप फिरली पाहिजे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरव. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हा उलथव. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात. मग दुसरी बाजू भाजून भाकर आरावर उभी कर. टम्म फुगली की तुझं तुलाच बरं वाटेल.

आजीला भाकर गरम असतानाच वरणात कुसकरून, वरून तूप घालून, झाकून ठेवायची. दहा मिनिटांत ती मऊ होते. थंड भाकर कुसकरलीस तर तिच्या हिरड्यांना टोचेल.

भाजीचं मात्र सध्या सोपं आहे. मार्गशीर्षात विदर्भातल्या माणसानं भाजीला काय करू असं विचारूच नये, एवढं वावर भरलेलं असतं. तुमचा हरभरा महिना-सव्वा महिन्याचा झाला असेल. त्याचे शेंडे खुड. शेंडे खुडले की झाड फुटवे धरते, म्हणजे घाटेही वाढतात आणि भाजीही होते. फक्त फवारा मारला असेल त्या ओळींना हात लावू नको, आपल्या घरच्या पाच-सहा ओळी त्यासाठी फवाऱ्याविना ठेवायला बाबांना सांग. कोवळी पानं बारीक चिरून, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं तेल घालून हातानं चुरली की घोळाना झाला. चूलही लागत नाही. हरभऱ्याच्या पानाला स्वतःचीच आंब असते, लिंबू पिळायची गरज नाही. उरलेला पाला सावलीत सुकवून मडक्यात भर. पावसाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा त्याच पाल्याला बेसनाचं आलन लावलं की घर तृप्त होते.

तुरीच्या शेंगा आता भरल्या आहेत. पोरीला आणि आईला दोघींना टोपलं देऊन सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढायला बसव. आई खाटेवर पडल्या पडल्या कढत असेल की आपण ओझं झालो. तिच्या हाताला काम दे, तिला बरं वाटेल. सोले थोड्या तेलावर परतून, लसूण-मिरचीसोबत भरड वाटून आमटी कर. किंवा सूनबाईसाठी सोलेभात कर, त्यात वांगं घाल.

ती धानाच्या मुलखातली, नागभीडकडची, हे तुझ्या लक्षात आहे ना? रोज भाकर खाऊन तिचं पोट भरते, मन भरत नाही. लग्नाला आठ वर्षं झाली आणि तिनं अजून तोंडानं सांगितलं नसेल. तिच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. छोटे शेतकरी, पण 1983 साली आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांच्या नजरेत भरल्या, त्या त्यांनी निराळ्या काढून पेरल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ तयार झाला. आज गावोगावच्या दुकानात तो आहे. घरात आण आणि आठवड्यातून तीन दिवस रात्री भात लाव. तिच्या माहेरच्या मातीचा भात तिच्या नवऱ्यानं रांधून दिला तर ती एक घास जास्त खाईल.

दुधाचं एक. सगळं दूध डेअरीत घालू नका. गेल्या दिवाळीला आले तेव्हा पाहिलं, सहा लिटरपैकी घरात चहापुरतं राहते. आपल्यासारख्या शाकाहारी घराला बी-12 जीवनसत्त्व दूध-दह्यातूनच मिळते, डाळीत किंवा पाल्यात ते नसते. लिटरभर तरी घरात ठेव, रात्री विरजण लाव. आजीला ताक, आईला दही, आणि ताक आंबट झालं की कढी-गोळे. बाबा हिशोब काढतील. त्यांना सांग, मोठीमायनं सांगितलं आहे.

आणि चहा जेवणासोबत नको, जेवणानंतर लगेचही नको. पाल्यातलं आणि डाळीतलं लोह चहामुळं अंगी लागत नाही. तास-दीड तास जाऊ दे. त्याउलट जेवताना आवळ्याची फोड किंवा लिंबू घेतलं तर लोह चांगलं अंगी लागते. तुमच्या धुऱ्यावरच्या आवळ्याखाली सडा पडला असेल, तो वेचून मीठ लावून बरणीत भरून ठेव.

जवसाची चटणी मी करून पाठवते आहे. संपली की तू करजो, जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचं, पूर्ण थंड करून मगच सुकी मिरची, लसूण, जिरं, मिठासोबत कुटायचं. गरम कुटलं तर गोळा होते.

बुधवारी दुपारच्या एसटीनं पिशवी पाठवते, कंडक्टरजवळ देऊन ठेवीन, फाट्यावर उतरवून घेजो. त्यात चटणी, उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्या आणि स्टीलचा एक झाकणाचा डबा आहे. मुंगवड्या आधी तेलावर लाल परतून मग वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात सोड, वीस मिनिटांत शिजतात. डबा सूनबाईचा आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी तो भरायचा, घट्ट वरणाची वाटी त्यातच ठेवायची, आणि ती निघाली की तिच्या पिशवीत घालायचा. दोन वाजेपर्यंत तिला उपाशी ठेवू नको.

आईला सांग, पुढच्या रविवारी येते. भाकरी तूच करजो, मी तुझ्या बाजूला बसून खाईन.

तुझी,
मोठीमाय