पुंगळी तळाशी तुटली म्हणजे दारू जास्त झाली असं नाही

तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. तुमचंही तेच: ली-एनफिल्ड नंबर ४ रायफल, कॅलिबर .३०३, घरी पुन्हा भरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) तळाच्या जरा वर गोल चिरल्या, एकीचा पुढचा तुकडा चेंबरमध्येच (नळीत काडतूस बसतं ती जागा) राहिला, आणि क्लबातले जाणकार म्हणतात काडतुसातली दारू कमी करा.

दारू जास्त असती तर आधी प्रायमर, म्हणजे तळातली ठिणगी देणारी टोपी, बोलला असता. तो सपाट होतो, कडेनं काजळी येते, त्याचा खळगा सैल पडतो, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) उघडायला जोर लागतो. तुमचा बोल्ट सहज उघडला म्हणता. मग हा ताणाचाच प्रकार वाटतो.

बार उडाला की पुंगळीचा पातळ भाग फुगून चेंबरला चिकटतो आणि जाड तळ मागे सरकतो. मधलं पितळ ताणलं जातं. या रायफलीचे लग, म्हणजे बोल्ट अडकवणारे खुंट, बोल्टच्या मागच्या टोकाला, त्यामुळे बोल्ट किंचित दबतो तो वेगळाच. शिवाय लष्करी चेंबर ऐसपैस, चिखलमातीतही काडतूस बसावं म्हणून. .३०३ ची पुंगळी तळाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकते, खांद्यावर (गळ्याखालच्या उतारावर) नाही. म्हणून पहिल्या बारात खांदा बिनधास्त पुढे जातो. फुल लेंग्थ डाय (पुन्हा भरताना अख्खी पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) तो परत मागे ढकलते, पुढच्या बारात पुन्हा पुढे. तार वाकवून वाकवून तोडावी तसं.

माझे पैसे बुडाले ते एका गनस्मिथकडे. तुटकी पुंगळी बघताक्षणी म्हणाला, 'हेडस्पेस!' म्हणजे बोल्टचं तोंड आणि पुंगळीची कड टेकते ती जागा यांतलं अंतर जास्त. डाय कशी लावता हे विचारलं नाही, एखादी पुंगळी कापून बघितली नाही. रायफल ०.०७४ इंचाच्या लष्करी गेजवर (हे अंतर तपासायचं माप) बंद होत नव्हती, म्हणजे मर्यादेतच होती, तरी बोल्टचं डोकं १ नंबरचं काढून जरा लांब असं ३ नंबरचं बसवलं. शिकारीचा सगळा हंगाम रायफल त्याच्या कपाटात. बिलावर ऐटीत 'हेडस्पेस दुरुस्त'. पुंगळ्या तुटायच्या त्या तुटतच राहिल्या. फोन केला तर म्हणे, पितळ स्वस्तातलं असेल! डोकं बदलून थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण खांदा दर वेळी मागे ढकलला जात असेल तर काय उपयोग?

पुंगळी तुटायला आलीय का हे बघताना तळाजवळच्या बाहेरच्या चकचकीत पट्ट्यावर विसंबू नका, तसा पट्टा डायनंही उमटतो. पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा काढा, आत घालून भिंतीवरून तळाकडून वर ओढा. खाच असेल तर आकडा अडखळतो. शंका आली तर एक पुंगळी उभी कापा, पातळ झालेली जागा डोळ्यांनी दिसते. एक जरी तशी निघाली तरी तितक्याच वेळा भरलेला सगळा लॉट भंगारात. मग डाय वर घेऊन खांदा जेमतेम शिवेल इतकीच ठेवा, किंवा फक्त गळा साइझ करा. मात्र त्या पुंगळ्या त्याच रायफलीत वापरायच्या. नव्या पुंगळीच्या पहिल्या बाराला कडेपुढे पातळ ओ-रिंग घालणारेही आहेत. तळ बोल्टला टेकून राहतो. मला पटतं, सगळ्यांना पटत नाही.

गळ्याला उभी चीर हे प्रकरण निराळं: पितळ कडक झालेलं असतं, अॅनिलिंग करा, म्हणजे गळा तापवून मऊ करा. जुना लष्करी माल असेल तर अमोनियाचाही संशय घ्या. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं घोड्यांच्या मुतातल्या अमोनियानं तडकायची. कारण पक्कं कळलं १९२१ मध्ये. म्हणून पितळ चमकवायला अमोनियाचं पॉलिश नको. तुमच्या डब्यात 'केएफ' ठशाच्या निघाल्या तर त्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या. अभिमान वाटू द्या, पण पुन्हा भरू नका, आणि तो माल उडवल्यावर नळी गंजू नये म्हणून गरम पाण्यानं धुवा.

मी गनस्मिथ नाही, हे सगळं माझ्या रायफलीपुरतं. भारतातून वाचणाऱ्यांनी घरी काडतुसं भरायच्या भानगडीत पडूच नये, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आणि संरक्षक चष्मा घातल्याशिवाय ट्रिगरला हात लावू नका.

कापलेल्या पुंगळीचा फोटो टाका. डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळी धरणारा तुकडा) टेकवून वरून किती फिरवता, तेही लिहा.